मसाल्याआधी हवा: ठाणे-नवी मुंबईत कोळशावर भाजताना आणि धुरावर शिजवताना

कोळशावर काही भाजायचं ठरलं की आपल्याकडे सगळी चर्चा मसाल्याची होते. दही किती, मोहरीचं तेल घालायचं की नाही, आगरी-कोळी मसाला घरचा की विकतचा. आग मात्र कोणाच्याच खात्यात नसते. ज्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलेलं असतं तो पुठ्ठ्याने वारा घालत बसतो. मग बाहेरून काळी आणि हाडाजवळ कच्ची तंगडी ताटात येते आणि बोल मसाल्याला लागतो. माझ्या मते मसाला दुय्यम आहे. कोळशाला हवा किती मिळते, निखारा जाळीपासून किती लांब आहे आणि झाकण कधी पडतं, या तीन गोष्टी सांभाळल्या तर नुसतं मीठ-हळद लावलेला बांगडाही लोक बोटं चाटत खातात.

हे सगळं ज्यांच्याकडे थोडी उघडी जागा आहे त्यांच्यासाठी लिहितोय. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीतली रो हाऊस, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधली अंगणं, घोडबंदर रोडवर तळमजल्याच्या फ्लॅटला मिळालेला बागेचा तुकडा, किंवा गावठाणातलं घरापुढचं अंगण. शेगडीला एक टेबल आणि दोन खुर्च्यांएवढी जागा पुरते, पण तिच्याभोवती मोकळं अंतर हवं.

जागा आणि शेजारी

बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही. यात सूट नाही. आपल्या इमारतींतल्या बाल्कन्यांना ग्रिल असतं, त्यावर सरकत्या काचा असतात, वर कपडे वाळत असतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्वाळा विझून नुसते निखारे उरले तरी तो निघतच असतो. त्यामुळे 'आता विझत आलाय' म्हणून पावसाच्या सरीत शेगडी घरात ओढणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. पाऊस आला तर झाकण लावा, झडपा (हवा येण्या-जाण्याची भोकं) बंद करा, जेवण आत न्या आणि शेगडी भिजू द्या.

गच्चीवर करायचं असेल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गच्चीवर काय काय आहे ते आधी बघून या: प्लास्टिकच्या टाक्या, केबलची जाळी, सोलर पॅनल, पावसाळ्यासाठी बांधलेली निळी ताडपत्री. वॉटरप्रूफिंगच्या थरावर शेगडी थेट ठेवू नका, खाली विटांचा एक थर द्या. भिंत, कुंपण, सुकलेल्या झावळ्या यांपासून निदान तीन मीटर लांब राहा. पाण्याची भरलेली बादली आणि वाळूचं घमेलं आग पेटवण्याआधी जवळ हवं, नंतर शोधायला जायचं नाही.

वारा कुठून येतो ते ठरलेलं आहे. दुपारी आणि संध्याकाळी आपल्याकडे पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूने वारा असतो. थंडीत रात्री उशिरा आणि पहाटे तो जमिनीकडून उलटा वाहतो. म्हणजे चार वाजता धूर पूर्वेकडच्या शेजाऱ्याकडे जाणार. त्याला आदल्या दिवशी सांगा, वाळत घातलेले कपडे काढायला वेळ द्या आणि एक ताट तिकडे पाठवा. शेजारी शाकाहारी असतील तर कणसं आणि पनीर पाठवा. धुराबद्दल लोक आता चिडतात आणि ते बरोबरच आहे. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं होतं. महिन्यातून एकदा भाजणाऱ्यावर तो हुकूम येत नाही, पण थंडीत हवा साचलेली, समोरचा टॉवर धूसर दिसतोय, अशा दिवशी शेगडी न काढणंच बरं.

येऊरला जाऊन शेकोटी करण्याचा विचार असेल तर सोडून द्या. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे आग लावणं आणि लाकूड गोळा करणं दोन्ही गुन्हा आहे.

कोळसा निवडताना

दगडी कोळसा अन्नासाठी नाही. त्यात गंधक असतो, धूर विषारी आणि चव डांबरासारखी. आपल्याला हवा लाकडी कोळसा, जो लाकडाच्या वखारीत पोत्याने मिळतो. कुठे मिळेल हे विचारायचं असेल तर जो इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरतो त्याला किंवा कणीसवाल्याला विचारा. त्यांना कोणाचा माल कोरडा आणि कोणाचा पाणी मारलेला हे पक्कं माहीत असतं.

पोतं उघडून बघा. चांगला कोळसा हलका असतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर काचेसारखा खणखणीत आवाज येतो. थप्प असा आवाज आला तर तो ओला आहे किंवा नीट जळलेला नाही. तपकिरी कडा दिसल्या तर आत अजून कच्चं लाकूड आहे, ते डोळ्यांत पाणी आणणारा धूर करणार. तळाला भुगा जास्त असेल तर भाव करा, कारण भुगा कामाचा नाही. तो तुकड्यांमधली हवेची वाट बुजवतो. अर्ध्या मुठीपेक्षा बारीक तुकडे मी वेगळे काढतो आणि धग वाढवायला शेवटी वापरतो.

नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे ब्रिकेट, म्हणजे भुगा दाबून केलेल्या वड्या, हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. महाग आहेत, पेटायला वेळ लावतात, पण एकदा पेटले की धग एकसारखी आणि लांब टिकते, ठिणग्या नाहीत. मांस चार-पाच तास धुरावर ठेवायचं असेल तर ब्रिकेट, चटकन बांगडे आणि कणसं भाजायची असतील तर वखारीतला कोळसा, अशी माझी विभागणी आहे. 'काडी लावताच पेटतो' असं लिहिलेला कोळसा घेऊ नका. त्यात पेटवण्याचं रसायन मुरवलेलं असतं आणि ते थेट जेवणात उतरतं.

आता इथली खरी अडचण: दमट हवा. कोळसा हवेतलं पाणी ओढून घेतो. जून ते सप्टेंबरमध्ये गोणपाटात उघडा ठेवलेला कोळसा पेटता पेटत नाही, तडतडतो आणि बराच वेळ पांढरा धूर सोडतो. म्हणून पोतं घरी आलं की तो झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा वापरताना ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर पसरून ठेवा. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी संपतात.

शेगडी

पैसे कुठे घालायचे असतील तर झाकणात घाला. उघड्या शेगडीवर फक्त भाजता येतं. झाकण आणि खाली-वर एकेक झडप असली की तीच वस्तू भट्टीही होते आणि धुराची पेटीही. घुमटासारख्या झाकणाचं गोल केटल ग्रिल याच कारणासाठी जगभर चालतं. ते विकत घ्यायचं नसेल तर वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक भागातला फॅब्रिकेटर ड्रम उभा किंवा आडवा कापून, बिजागरी, पाय आणि झडपा लावून देतो. त्याला तीन गोष्टी ठासून सांगा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि जाळी नको, तापल्यावर त्यातून घातक वाफा निघतात. ड्रममध्ये आधी रसायन नको. खाद्यतेलाचा असेल तर घ्या, आणि काही शिजवण्याआधी आत मोठा जाळ करून जुना रंग पूर्ण जाळून टाका. आणि जाळी कोळशाच्या थरापासून १२ ते १५ सेंटिमीटर वर हवी.

लांब चिमटा, जाड हातमोजे आणि सुईसारखा टोचायचा डिजिटल थर्मामीटर एवढीच बाकीची सामग्री. थर्मामीटर तपासणं सोपं आहे. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे उकळत्या पाण्यात त्याने १००च्या आसपास दाखवायला हवं आणि बर्फाच्या लगद्यात शून्य. झाकणावरच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. ते घुमटाची हवा मोजतं, जाळीवरची नाही.

पेटवणं

रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांतलं काहीही नाही. सॅनिटायझरची ज्योत उजेडात दिसत नाही आणि बाटलीपर्यंत उलटी चढते.

चिमणी वापरा. म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा, मध्ये जाळी असलेला पत्र्याचा उभा डबा. पाच किलो तेलाच्या डब्याला खाली भोकं पाडून घरीही होतो. वर कोळसा भरा, मध्यम चिमणीत दीड-दोन किलो मावतो. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैल चुरगळून ठेवा आणि त्यावर तळणाच्या उरलेल्या तेलाचे चमचाभर थेंब टाका. तेलामुळे कागद भसकन न जळता काही मिनिटं टिकतो. काडी लावा आणि हात मागे घ्या. गरम हवा वर जाते, खालून नवी ओढली जाते, पुठ्ठ्याची गरज पडत नाही. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राखेची पांढरट कड दिसते. तेव्हा ओता. सगळा कोळसा पूर्ण पांढरा होईपर्यंत थांबलात तर निम्मी धग चिमणीतच गेली.

घरात देवापुढचा कापूर असतोच, त्याच्या दोन वड्यांनी कोळसा पेटतो हे खरं. पण तो पूर्ण जळून वास गेल्याशिवाय जाळीवर काही ठेवू नका, नाहीतर चिकनला आरतीचा वास येतो.

दोन बाजू, दोन धगी

निखारे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत. शेगडीच्या अर्ध्या भागात ढीग करा, उरलेला अर्धा रिकामा ठेवा. ढिगावर लालबुंद धग, रिकाम्या बाजूला ओव्हनसारखी ऊब. शिजवणं रिकाम्या बाजूला, रंग आणणं ढिगावर. चरबी टपकून ज्वाळा उठल्या तर पाणी मारायचं नाही, त्याने राख उडून जेवणावर बसते. तुकडा थंड बाजूला सरकवा आणि झाकण टाका. हवा तुटली की ज्वाळ बसते.

धग हाताने मोजता येते. तळवा जाळीपासून साधारण १२ सेंटिमीटर वर धरा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर धग कडक, मासे आणि पातळ तुकड्यांसाठी. चार-पाच सेकंद म्हणजे मध्यम. आठ-दहा सेकंद सहन होत असेल तर ती मंद आच झाली.

झडपांचं गणित असं. खालची झडप म्हणजे इंजिनाला मिळणारी हवा. तापमान तिथून ठरवायचं. वरची झडप बहुतेक वेळ पूर्ण किंवा अर्धी उघडी ठेवायची आणि ती मांसाच्या डोक्यावर येईल असं झाकण फिरवायचं, म्हणजे धूर निखाऱ्याकडून मांसावरून जाऊन बाहेर पडतो. वरची झडप बंद करून धूर 'कोंडून ठेवण्याचा' मोह अनेकांना होतो. कोंडलेला धूर गार पडतो आणि मांसावर कडवट काळा थर सोडतो. खालची झडप हलवल्यावर परिणाम दिसायला दहा मिनिटं लागतात, तोवर दुसऱ्यांदा हात लावू नका. आणि दर वेळी झाकण उचलून बघितलं की आतली ऊब गेली आणि कोळशाला ताजी हवा मिळून तो उसळला. पाहुण्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः उत्साही काकांना.

चिकन: पहिला धडा याच्यावर

चिकनवाल्याकडे 'तंदुरीचा पीस' मागा, साफ केलेला ८००-९०० ग्रॅमचा. तो सवयीने कातडी सोलून टाकतो. कातडी हवी असेल तर कापण्याआधीच सांगा, 'दादा, स्किनसकट द्या, पिसं काढून.' गर्दीच्या रविवारी तो कुरकुरणार, म्हणून शनिवारी संध्याकाळी जा. कातडीखालची चरबी मांसाला कोरडं पडू देत नाही, पण आपल्या तंदुरी पद्धतीचा मसाला आत मुरायचा असेल तर सोललेलं घ्या. दोन्ही बरोबर आहे. पाठीचा कणा कात्रीने कापून काढायला सांगा आणि घरी छातीवर तळव्याने दाब देऊन चिकन पुस्तकासारखं सपाट करा. सपाट केल्यावर सगळीकडे सारखं शिजतं.

मीठ मसाल्यासोबत नाही, आदल्या रात्री. किलोला १२ ते १५ ग्रॅम, म्हणजे अंदाजे अडीच सपाट चहाचे चमचे, सगळीकडे चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारं पाणी परत आत शिरतं आणि मांस भाजतानाही ओलं राहतं. सकाळी मसाला: चक्का, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, चमचाभर मोहरीचं तेल. पातळ दही नको, ते टपकतं. साखर, मध, गुळाचा पाक काही लावायचं असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर आतलं शिजण्याआधी बाहेर कोळसा होतो.

आता क्रम. जाळी तापवा, अर्धा कांदा काट्यात खोचून, तेलात बुडवून तिच्यावर घासा. तारेचा ब्रश मी वापरत नाही. त्याची तार सुटून जेवणात जाते. चिकनवरचा मसाल्याचा जाड लेप बोटाने निपटून घ्या. रिकाम्या बाजूला ठेवा, मांड्या निखाऱ्याकडे आणि छाती लांब, कारण मांडीला जास्त धग चालते. झाकण लावा. पंचवीस-तीस मिनिटं त्याच्याकडे बघू नका. छातीच्या जाड भागात ६५ अंश दिसले की ढिगावर आणा, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, काळे डाग पडेपर्यंत. छातीत ७४, मांडीत ८०च्या आसपास आलं की उतरवा. पाच-दहा मिनिटं ताटात तसंच राहू द्या, मग कापा.

हाडाजवळ लाल दिसलं म्हणून लगेच परत आगीवर टाकू नका. ब्रॉयलर कोवळा असतो, त्याच्या हाडातला मगज झिरपून आजूबाजूचं मांस पूर्ण शिजल्यावरही तांबूस राहतं. रंग फसवतो, थर्मामीटर फसवत नाही. कच्च्या चिकनचं ताट आणि चिमटा वेगळे ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात कच्चं किंवा शिजलेलं काहीही तासापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही.

मासे

जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या काळात गोठवलेल्या मासळीवर हा प्रयोग करण्यात मजा नाही. नारळी पौर्णिमेनंतर बेलापूरच्या दिवाळे गावात किंवा ठाण्याच्या बाजारात सकाळी जा. सुरमईचे काप अंगठ्याएवढे जाड मागा. तव्यासाठी कोळीण पातळ काप काढते, ते जाळीवर फुटतात. भाजायला मला सगळ्यात आवडतो तो अख्खा बांगडा. त्याचं स्वतःचं तेल भरपूर, स्वस्तही.

दोन्ही बाजूंना तीन तिरक्या चिरा द्या, मीठ-हळद-तिखट लावा आणि कागदाने किंवा फडक्याने कोरडा करा. ओला मासा जाळीला चिकटतो. आगळ किंवा लिंबू लावायचं तर वीस मिनिटंच. त्याहून जास्त आंबटपणात मांस घट्ट होऊन भुरभुरतं. तेलाचा हात माशाला लावा, कडक धगीवर ठेवा आणि तीन-चार मिनिटं हलवू नका. भाजला गेला की मासा आपोआप सुटतो. सुटत नसेल तर झाला नाही असं समजा. पापलेट अख्खं करायचं तर हिरवी चटणी भरून केळीच्या पानात गुंडाळून थंड बाजूला. कोलंबीला भिजवलेल्या बांबूच्या काड्या आणि दोन मिनिटं बस.

धूर

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. धूर म्हणजे चव देणारा मसाला आहे आणि मिठासारखाच तो जास्त होतो.

लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकापासून धुराची गोडसर, लवंगेच्या जवळची चव येते, पण त्यासाठी लाकूड नीट जळायला हवं. हवा कमी पडली की ते नुसतं धुमसतं, दाट पांढरा धूर सोडतं आणि त्यातलं कडू डांबर मांसावर बसतं. आपल्याला हवा तो धूर पातळ, निळसर, उन्हात जेमतेम दिसणारा. तो दिसत नाही म्हणून लोक आणखी लाकूड टाकतात. टाकू नका, वास घ्या. वास गोड येत असेल तर चाललंय.

लाकूड कोणतं? आंबा, पेरू, जांभूळ, चिंच. आंबा सौम्य, चिकन-माशाला. चिंच आणि बाभूळ जड, मटणाला. पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये फांद्यांची छाटणी होते तेव्हा पडलेल्या फांद्या मागून घ्या. उभ्या झाडाला हात लावायचा तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खाडीकाठच्या खारफुटीकडे बघायचंही नाही. फांद्यांचे मुठीएवढे तुकडे करा आणि वर्षभर छपराखाली, हवा खेळेल असे वाळवा. कडुनिंब कडू. कण्हेर आणि बिट्टी विषारी, त्यांचा धूरही. प्लायवूड, फर्निचरचे तुकडे, खिळ्यांच्या पेट्या, रंग दिलेलं काहीही, सरळ बाद. नारळाची सोडणं पेटवायला ठीक, पण त्यांचा धूर तिखट, जेवण वर असताना नको.

लाकूड पाण्यात भिजवून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. पाणी लाकडाच्या आत फारसं शिरत नाही, वरच्या वर राहतं आणि आधी त्याची वाफ होते. तोवर धुराऐवजी वाफ. कोरडा तुकडा निखाऱ्यावर ठेवा. एका वेळी एक, सगळं मिळून दोन-तीन.

मांस गार आणि ओलसर असताना धूर जास्त धरतं, म्हणून ते फ्रिजमधून थेट जाळीवर गेलं तरी चालतं. पहिल्या दीड-दोन तासांतच बहुतेक चव लागते.

यात चांगला सराव म्हणजे बोकडाची मांडी. दीड-पावणेदोन किलोची अख्खी मांडी घ्या, मीठ आदल्या रात्री. पपईच्या वाटणाने ती कोवळी करण्याचा मी विरोधक आहे; वरचा थर लगदा होतो आणि आत काही पोचत नाही. बोकडात चरबी कमी आणि चिवट जोड-ऊती (स्नायूंना बांधणारे पडदे) जास्त. त्यांतल्या चिवट कोलॅजेनचं मऊ जिलेटिन व्हायला ७० अंशांच्या वरची ऊब आणि तास लागतात, दुसरा मार्ग नाही.

शेगडीच्या कडेने ब्रिकेटची दोन रुंद, दोन उंच अशी ओळ अर्ध्याहून जास्त गोल होईल इतकी लावा. एका टोकाला आठ-दहा पेटलेले ब्रिकेट ठेवा; ओळ हळूहळू जळत जाते. पेटलेल्या टोकाजवळ पहिला लाकडाचा तुकडा. मध्ये ॲल्युमिनियमच्या ताटात गरम पाणी, त्यावर जाळीवर मांडी. जाळीपाशी १२० ते १३५ अंश ठेवायचे. दोन-तीन तासांत आतलं तापमान ६५-७०पर्यंत चढतं आणि मग तिथेच अडकतं. तासभर काटा हलत नाही. माठातलं पाणी जसं पाझरून गार राहतं तसंच इथे होतं: मांसातून झिरपणारं पाणी वाफ होताना ऊब घेऊन जातं. कोळसा वाढवू नका. मांडी केळीच्या पानात, त्यावर फॉइलमध्ये, आत अर्धी वाटी यखनी (मटणाचं पाणी) आणि चमचाभर तूप घालून गुंडाळा आणि परत ठेवा. ९२ ते ९५ला सुरी लोण्यासारखी जाते. सगळे मिळून पाच-सहा तास. मग अर्धा तास गुंडाळलेलीच राहू द्या. कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसेल. तो कच्चेपणा नाही. जळणाऱ्या लाकडातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या रंगद्रव्याला चिकटून तो तयार होतो. सासरेबुवांना कापण्याआधीच हे सांगून ठेवलेलं बरं.

एवढा वेळ नसेल तर धुंगार आहेच. शिजलेल्या भाजीत वाटी ठेवून लाल निखारा, वर तूप, तीन-चार मिनिटं झाकण. पण ती तुपाच्या धुराची चव, लाकडाची नाही. थंड बाजूला ताटलीत टोमॅटो, लसूण आणि हिरव्या मिरच्या वीस मिनिटं धुरावून त्यांचा ठेचा करून बघा. पनीर आणि चक्का दहा-पंधरा मिनिटांतच धूर पितात, त्यांना जपून.

पोपटी, शेगडीत

पेण-अलिबागकडे थंडीत शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, चिकन. तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं आणि भोवती पेंढ्याचा जाळ. पनवेलच्या बाजारात शेंगा आल्या की हे झाकणाच्या शेगडीत लहान मडक्यावर जमतं. मडक्याला आधी रात्रभर पाणी पाजा. निखारे मडक्याच्या भोवती, खाली नाहीत. चिकनचे तुकडे लहान ठेवा आणि मधोमध. वरची झडप पूर्ण उघडी. पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडा, लगेच उडून गेले तर उघडायला हरकत नाही. पण चिकनच्या आत थर्मामीटर घालूनच वाढा. इथे लाकडाचा तुकडा टाकायचा नाही, भांबुर्ड्याचा वास दबतो.

उरलेली धग आणि राख

जेवण झालं तरी निखारे दीड तास तरी चालतात. मोठी वांगी त्यांच्यावर थेट ठेवा, उद्याच्या भरिताची सोय. राखेत रताळी पुरा. मग दोन्ही झडपा बंद करा. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेले तुकडे पुढच्या वेळी चिमणीत तळाला वापरता येतात. पाणी ओतून विझवलं तर तो कोळसाही गेला आणि पत्राही.

राख प्लास्टिकच्या पिशवीत किंवा सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात लगेच टाकू नका. तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत दोन दिवस ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर शेगडीतली राख कणही न ठेवता काढा, कारण दमट हवेत राख ओली होऊन क्षार सोडते आणि तळाचा पत्रा एका मोसमात खाते. जाळी आणि आतली बाजू खाद्यतेलाने पुसा, झडपा उघड्या ठेवा म्हणजे आत वाफ साचत नाही, आणि आच्छादन घालायचं तर आठवड्यातून एकदा ऊन पडेल तेव्हा ते काढून शेगडी वाळू द्या.